राजाचा गळ आणि धीवराचा डोंगा

मासेमारी हा विषय इतिहासाचा आहे असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. इतिहास म्हटला की राज्ये, लढाया, तह आणि सनदा डोळ्यांसमोर येतात. पाण्यात टाकलेला गळ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु मनुष्याने शेती आरंभिण्यापूर्वीपासून जे थोडे उद्योग चालविले त्यांत मासे धरणे हा एक होय. आणि ज्या उद्योगाने हजारो वर्षे कुटुंबे पोसली त्याला इतिहास नसणे शक्य नाही. प्रश्न इतकाच की, तो इतिहास लिहिला कोणी, आणि कोणाचा लिहिला.

एक दूरचे उदाहरण प्रथम घेऊ. अमेरिकेच्या दक्षिण टोकास फ्लोरिडा नावाचा प्रांत आहे. तेथील समुद्रकाठी खारफुटीची दाट अरण्ये आहेत. आपल्या कोकणातील खाड्यांच्या काठी असतात तशीच, पण विस्ताराने फार मोठी. या खारफुटीच्या मुळांमधून वाहणाऱ्या उथळ पाण्यात हौशी लोक एक निमुळती, हलकी होडी घेऊन शिरतात आणि कृत्रिम माशीने मासे धरतात. कृत्रिम माशी म्हणजे पिसे, केस व रंगीत धागे गुंडाळून किड्यासारखा किंवा लहान माशासारखा दिसेल असा केलेला गळ. त्याला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून तो दूर फेकावयाचा तर दोरीच्याच वजनाने फेकावा लागतो, आणि ही फेक साधण्यास पुष्कळ अभ्यास लागतो. या खेळावर इंग्रजीत असंख्य ग्रंथ आहेत. त्यांत काठी कोणती, दोरी कोणती, माशी कशी बांधावी, हे सर्व सविस्तर सापडते. परंतु ज्या होडीवाचून त्या दलदलीत पाऊल टाकता येत नाही तिचा उगम पाहू गेल्यास निराळीच हकीकत निघते. इंग्रजीतील ‘कनू’ हा शब्दच मुळी वेस्ट इंडीज बेटांवरील मूळ रहिवाशांचा आहे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो स्पॅनिश भाषेत गेला व तेथून इतरत्र पसरला. फ्लोरिडाच्या दलदलीत सेमिनोल लोक सायप्रस वृक्षाचे एकच खोड कोरून होड्या करीत आणि त्यांतून आपला सगळा व्यवहार चालवीत. म्हणजे खेळ एकाचा आणि होडी दुसऱ्याची. खेळणाऱ्याचे नाव ग्रंथावर आले. होडी कोरणाऱ्याचे आले नाही.

हीच गोष्ट आपल्या नागपूर प्रांतात कशी घडली हे आज सांगावयाचे आहे. नागपूरला समुद्र नाही आणि खारफुटीही नाही. परंतु नागपूरच्या पूर्वेस, वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. कमळ, शिंगाडा, देवधान आणि नाना प्रकारचे पाणगवत यांनी त्यांच्या उथळ कडा भरलेल्या असत, आणि त्या गचपणातून वाट काढण्यास धीवराचा डोंगा हेच एक साधन होते.

धीवराची जुन्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध भेट आपणास कालिदास घडवितो. मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरातच राहून साधार मांडले. तेव्हा कालिदासाचे नाव या भागात परके वाटण्याचे कारण नाही. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या प्रारंभी दोन शिपाई एका कोळ्याला मुसक्या बांधून आणतात. राजाच्या नावाची अंगठी त्याच्यापाशी सापडलेली असते. तो सांगतो की, आपण जाळे व गळ टाकून कुटुंबाचे पोषण करतो, आणि कापलेल्या रोहित माशाच्या पोटात ही अंगठी मिळाली. त्याच्या धंद्याची थट्टा होते, तेव्हा तो नम्रपणे पण स्पष्टपणे आपल्या वंशपरंपरागत कामाचा कैवार घेतो. पुढे राजा अंगठीच्या मोलाइतके बक्षीस देतो, आणि त्यातला अर्धा वाटा तो शिपायांच्या हातावर ठेवतो. या प्रसंगातील एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही शिपायांना नावे आहेत, एक सूचक आणि दुसरा जानुक. परंतु ज्याच्या हातून साऱ्या नाटकाची गाठ सुटते त्या धीवराला नाव नाही. कवीने त्याला वाचा दिली, स्वाभिमान दिला, नाव मात्र दिले नाही. पुढील दीड हजार वर्षांचा धीवराचा इतिहास बव्हंशी असाच राहिला.

आता राजाच्या गळाकडे वळू. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य एके काळी नागपूरपर्यंत पोहोचले होते. सीताबर्डीचा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा शके १००८ चा, म्हणजे इसवी सन १०८७ चा लेख त्याची साक्ष देतो. तो सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीतील असून त्यात त्याचा मांडलिक धाडिभंडक याचे नाव आले आहे, आणि गुरांच्या चराईसाठी जमीन दिल्याची नोंद आहे. याच विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर हा ११२६ च्या सुमारास गादीवर आला. त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादिला. त्याचा पहिला खंड १९२५ साली बाहेर पडला. राजाने राज्य कसे मिळवावे व राखावे येथपासून त्याने काय खावे, काय ल्यावे आणि मन कसे रमवावे येथपर्यंत सारे विषय या ग्रंथात आले आहेत. मन रमविण्याच्या प्रकारांत ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे.

हे प्रकरण केवळ हौसेचे नाही. त्यात शास्त्र आहे. माशांच्या सुमारे पस्तीस जाती तेथे नावानिशी दिल्या आहेत. समुद्रातले कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, आकाराने थोर कोणते आणि लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी केली आहे. कालिदासाचा रोहित, म्हणजे आपला रोहू, तेथेही भेटतो. माशांना काय खावयास घालून पुष्ट करावे, काठी, दोरी आणि गळ कसे असावे, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, लागलेला मासा कसा ओढून आणावा, याचा विचार राजाने क्रमवार केला आहे. भारतीय मत्स्यविद्येचे थोर अभ्यासक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून ते शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. इंग्लंडात गळाच्या खेळावरील पहिली छापील पुस्तिका १४९६ साली निघाली आणि आयझॅक वॉल्टनचा जगप्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली. म्हणजे आपला सोमेश्वर त्या पुस्तिकेच्याही साडेतीनशे वर्षे आधीचा.

याचा अभिमान वाटावा हे योग्यच. तथापि एक प्रश्न विचारावयास हवा. पस्तीस जातींचे माशांचे खाणे, राहणे आणि पकडण्याची युक्ती हे ज्ञान राजाने कोठून मिळविले असेल? सिंहासनावर बसून ते मिळत नाही. ज्यांच्या पिढ्या पाण्यात गेल्या अशा माणसांनीच ते सांगितले असले पाहिजे. ग्रंथ राजाचा खरा. पण त्यातील पाण्याची माहिती मूळची कोळ्या-धीवरांची असणार, असे अनुमान केल्यास ते वावगे होणार नाही.

कृत्रिम माशीची कथाही याहून वेगळी नाही. तिचा जुन्यात जुना स्पष्ट उल्लेख इलियन या रोमन लेखकाच्या ग्रंथात, इसवी सन २०० च्या सुमारास, सापडतो. मॅसिडोनियातील एका नदीकाठचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर पिसे बांधतात आणि पाण्यावरच्या किड्यांना भुलणारे मासे धरतात, असे तो सांगतो. लेखकाचे नाव आपणास ठाऊक आहे. ती युक्ती काढणारे लोक ‘नदीकाठचे’ एवढेच राहिले.

इंग्रजी अंमलात हा खेळ हिंदुस्थानात आला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे १८८७ साली त्याने तलावांतील गळाच्या शिकारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. टॉमस हा नुसता शौकीन नव्हता. माशांची पैदास व रक्षण यांविषयी त्याने सरकारला १८७० सालीच अहवाल सादर केला होता. पुढे १८९७ साली सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास बंदी करणारा कायदा झाला. हे सारे उपकारकच म्हणावयाचे. परंतु या वाङ्मयात तलाव हा प्रामुख्याने साहेबाच्या सुट्टीचे ठिकाण म्हणून येतो, आणि तलावावर ज्याची चूल अवलंबून होती तो मनुष्य कडेला राहतो.

आता त्या तलावांचीच हकीकत पाहू. वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठे तलाव कोहळी समाजाने बांधले. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील कुशल लोकांना त्याने आपल्या मुलखात आणले, अशी त्यांची परंपरा आहे. आणि जो तलाव बांधील त्याला तलावाखाली भिजणारी जमीन मिळावी, असे उत्तेजन गोंड राजांनी दिले असे सांगतात. नवेगाव बांध, सिरेगाव, सिवनी येथील तलाव या कर्तबगारीची ठळक उदाहरणे होत. नवेगावचा जलाशय सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरला आहे. तो बांधणारा कोलू पाटील लोकांच्या मनात देवपदास पोहोचला आणि कोलासूर म्हणून पूजला जाऊ लागला. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगाव बांधचे दिवस’ या पुस्तकाने हा परिसर मराठी वाचकांच्या घरी पोहोचविला.

तलाव बांधणाऱ्याची आठवण अशी देवरूपाने तरी राहिली. त्या तलावात मासे धरणाऱ्याचे काय? रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ढीमर किंवा धीवर यांची मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाड्याची लागवड करणे अशी कामे नोंदली आहेत. ही नोंद मोलाची आहे. पण ती जातीची माहिती म्हणून आहे, पाण्याचे ज्ञान म्हणून नव्हे. तो ज्ञानाचा भाग धीवराच्या हातात आणि त्याच्या साधनांत राहिला.

ती साधने पाहिली म्हणजे ज्ञानाची खोली कळते. डोंगा हा पूर्वी एकाच झाडाचे खोड कोरून करीत. गडचिरोलीच्या नद्यांवर असे डोंगे या शतकातही दिसत आले आहेत. तो अरुंद व उथळ असल्यामुळे कमळाच्या देठांतून आणि गवतातून न अडकता सरकतो, आणि उभे राहून एका बांबूने त्याला रेटता येते. वल्ह्याचा आवाज होत नाही, म्हणून मासा बिचकत नाही. फ्लोरिडाच्या होडीची थोरवी ज्या गुणांसाठी गाइली जाते ते सर्व गुण डोंग्यात आहेत. मोकळ्या पाण्यासाठी फेकण्याचे जाळे, गवताळ कडेसाठी गळ, वाहत्या पाण्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे, अशी साधनांची वाटणी असे. मरळ चिखलाजवळच्या गवतात राहते आणि पिलांचे रक्षण करते. मागूर थोड्याशा ओलाव्यावरही तग धरतो. वाम बिळात दडते. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती काही लागत नाही. पहिल्या पावसात सांडव्याचे पाणी ओढ्याला मिळाले की मासे प्रवाहाच्या उलट चढून भाताच्या बांध्यांत अंडी घालण्यास जातात. या चढणीच्या माशांना थोडी वाट मोकळी ठेवली तरच पुढील वर्षी तलाव भरलेला राहतो, हा धडा पुस्तकाविना शिकलेला आहे.

आता मालकीचा प्रश्न. इंग्रजांनी १८६१ साली मध्यप्रांत बनविला आणि त्यानंतरच्या दशकात जमाबंदी करताना मालगुजारांना गावांवर मालकी हक्क दिले. त्याबरोबर तलावही त्यांचे झाले, आणि ‘मालगुजारी तलाव’ हे नाव त्यावरूनच पडले. धीवर मासे धरी, पण मालकाच्या संमतीने. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ साली तलाव सरकारकडे आले. शेकडो वर्षांची एक जुनी व्यवस्था मोडली. पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाण्याची वाटणी करणे ही कामे आजवर गावाने व मालगुजाराने मिळून चालविली होती. ती आता कोणाची, याचे उत्तर अनेक ठिकाणी संदिग्ध राहिले आणि कित्येक तलाव गाळाने भरत गेले. धीवरांच्या सहकारी संस्था निघाल्या व त्यांना मासेमारीचे ठेके मिळू लागले. ही प्रगती खरी. पण मालक बदलला तरी धीवर ठेकेदारच राहिला.

याच सुमारास शास्त्राने एक मोठी झेप घेतली. रोहू, कतला, मृगळ हे मासे स्थिर पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजोत्पादन घडवून आणले. त्यामुळे मत्स्यबीज हवे तेव्हा मिळू लागले आणि देशाचे मत्स्योत्पादन वाढले. या शोधाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. मात्र आपल्या तलावांवर त्याचा एक वेगळा परिणाम झाला. बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. जे मासे तलावात आपोआप वाढत, मरळ, मागूर, शिंगी, वाम, ते हिशेबाबाहेर गेले. मोठ्या जाळ्याला अडथळा म्हणून पाणगवत काढले गेले, आणि गवत गेल्यावर अंडी घालण्यास आसरा राहिला नाही. वर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरम या झुडपाने काठ व्यापले. तलाव पाण्याने भरलेला दिसे, पण त्यात पूर्वीचे जीवन उरले नव्हते.

या ठिकाणी इतिहासाचे एक आशादायक पान उघडते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या परिसरात या शतकाच्या पहिल्या दशकापासून धीवरांच्या काही संस्थांनी उलट दिशेने पाऊल टाकले. स्त्रिया व पुरुषांनी मिळून बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीची मशागत केली आणि जुन्या जाणत्यांना विचारून स्थानिक पाणवनस्पती निवडून लावल्या. कोणता मासा कोणत्या गवतात राहतो, कोणता पक्षी कोणत्या वनस्पतीवर येतो, हे घरोघरच्या वृद्धांना ठाऊक होते. ते आता प्रथमच कागदावर उतरले. स्थानिक मासे परतू लागले. त्यांना बीज विकत आणावे लागत नाही, ही गोष्ट गरीब कुटुंबाच्या दृष्टीने लहान नव्हे. विद्यापीठातील अभ्यासक जे पाणथळीच्या पुनरुज्जीवनाचे शास्त्र म्हणून शिकवितात ते येथे धीवराच्या अंगणातून निघाले.

नागपूरकरांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचाच आहे. हे शहर तलावांच्या आश्रयाने वाढले. गोंड राजा चांद सुलतान याने नाग नदीचा प्रवाह अडवून जुम्मा तलाव केला. तोच पुढे शुक्रवारी तलाव आणि नंतर गांधीसागर झाला. अंबाझरी, तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव ही नावे प्रत्येक नागपूरकराच्या ओठांवर आहेत. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले ती नाग पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. आज शहराचे सांडपाणी त्याच वाटेने गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते, आणि तेथील मासे व मासे धरणारे दोघेही त्याचा त्रास भोगतात. वरच्या बाजूस राहणाऱ्याच्या वागण्यावर खालच्याचे जीवन अवलंबून असते, हा नदीचा जुना नियम आहे.

तेव्हा सोमेश्वराचा ग्रंथ आदराने वाचावा, गळाचा खेळ ज्यांना आवडतो त्यांनी तो संयमाने खेळावा. त्यात वाईट काही नाही. परंतु इतिहास लिहिताना राजाच्या काठीशेजारी धीवराचा डोंगाही मांडावयास हवा, आणि तो डोंगा चालविणारी माणसे आज हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकते. त्यांच्याकडील माशांची, गवतांची व साधनांची नावे टिपून घ्यावीत, ती ज्याने सांगितली त्याचे नाव त्याच्या संमतीने शेजारी लिहावे, आणि तलावाविषयी निर्णय घेणाऱ्या सभेत त्याला बसण्यास जागा द्यावी. नागपूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत एका तलावाचे जरी असे काम केले तरी कालिदासाच्या त्या निनावी धीवराचे थोडेसे ऋण फिटेल.